न दिसणाऱ्याचे मोजमाप

बुद्धिमत्ता, चिंता, स्मृती, आक्रमकता, आत्मसन्मान हे मानसशास्त्राचे नेहमीचे विषय. यांतील एकही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. दिसते ते माणसाचे वागणे: त्याने दिलेले उत्तर, उत्तराला लागलेला वेळ, वाढलेले हृदयाचे ठोके, प्रश्नावलीत केलेली खूण. या दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्या गोष्टीविषयी विधान करायचे आणि तेही दुसऱ्या संशोधकाला तपासता येईल अशा रीतीने, हे मानसशास्त्रापुढचे मूळ काम आहे.

त्यासाठी दोन टप्पे पार करावे लागतात. पहिला व्याख्येचा: नेमके काय मोजायचे ते ठरवणे. दुसरा मापनाचा: ठरलेल्या रीतीने ते मोजणे आणि जे मोजले ते खरोखर तेच होते का, याची छाननी करणे. मापनातून व्याख्येतील उणिवा उघड होतात, सुधारलेल्या व्याख्येतून मापन सुधारते. मानसशास्त्राच्या प्रगतीचा मोठा भाग या दोहोंच्या देवघेवीतून घडला आहे.

व्यवहारातील शब्द आणि शास्त्रातील संकल्पना

एखादी मुलगी हुशार आहे असे घरात किंवा शाळेत म्हटले की ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. ती गणिते पटापट सोडवते म्हणून हुशार, की बाजारात हिशेबाला चुकत नाही म्हणून, की कोणाशी काय बोलावे हे तिला उमजते म्हणून, याची चौकशी कोणी करत नाही. बोलण्यापुरते तेवढे भागते. शास्त्राचे भागत नाही. दोन संशोधक एकच शब्द वापरून दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत राहिले, तर त्यांच्या निष्कर्षांचा एकमेकांना ना दुजोरा मिळतो, ना त्यांतून काही खोडून निघते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९०४ मध्येच या धोक्याकडे लक्ष वेधले होते. नाव एक असले की त्यामागची गोष्टही एकच असणार, असे मानणे ही पहिली चूक. ट्रूमन केली यांनी १९२७ मध्ये तिची जोडीदार चूक दाखवून दिली: नावे दोन आहेत म्हणून गोष्टीही दोन असणार, असे मानणे. या दोन्ही चुका आजही होतात. जुन्याच गुणाला नवे नाव देऊन नवी प्रश्नावली तयार केली जाते आणि ती जुन्याच प्रश्नावल्यांचे दुसरे रूप असल्याचे पुढे लक्षात येते.

निरीक्षणांचा उलगडा करण्यासाठी मांडलेल्या, पण स्वतः न दिसणाऱ्या संकल्पनेला मानसशास्त्रात ‘संरचना’ म्हणतात. संरचना हे एक गृहीत असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांना १९०४ मध्ये असे आढळले, की एका विषयात पुढे असलेली मुले इतर विषयांतही साधारणपणे पुढे असतात. हा मेळ योगायोगाचा नाही, त्यामागे एक सामाईक क्षमता असली पाहिजे, असे त्यांनी सुचवले आणि ‘सामान्य बुद्धिमत्ता’ ही संरचना मांडली गेली. मेळ हे निरीक्षण आहे, सामान्य बुद्धिमत्ता हा त्याचा एक उलगडा आहे. उलगडा बदलू शकतो, आणि हा भेद विसरला की पुढचे बरेच घोटाळे सुरू होतात.

मापनाची सुरुवात

मनाच्या अभ्यासाला गणित लागू करता येत नाही, त्यामुळे तो खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकत नाही, असे मत इमॅन्युएल कांट यांनी १७८६ मध्ये मांडले होते. त्याला ठोस उत्तर मिळाले ते जर्मनीतील लाइपझिग येथून. तेथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी माणसाला दोन वजनांतील फरक केव्हा जाणवतो याचे प्रयोग केले. जाणवणारा सर्वांत लहान फरक ठरावीक ग्रॅमचा नसतो, तो मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात असतो. हाताने उचललेल्या वजनाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे चाळिसावा भाग असते. म्हणजे २०० ग्रॅमच्या वजनात ५ ग्रॅमची भर जाणवते, पण ४०० ग्रॅमच्या वजनात भर जाणवण्यासाठी १० ग्रॅम लागतात. गुस्ताव्ह फेक्नर यांनी या नियमाचा विस्तार केला आणि १८६० मध्ये बाह्य उद्दीपक व आंतरिक संवेदना यांचे गणिती नाते मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. मनोभौतिकी या शाखेचा तो पाया ठरला.

नेदरलँड्समधील फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ मध्ये वेळेचा आधार घेतला. एकाच संकेताला ठरलेला प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ आणि अनेक संकेतांतून निवड करून प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ यांची वजाबाकी केली, तर निवडीच्या मानसिक क्रियेला लागलेला वेळ हाती येतो, असे त्यांनी दाखवले. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली आणि मानसशास्त्र स्वतंत्र प्रायोगिक शास्त्र म्हणून उभे राहिले.

विस्मरणासारखी निसटती गोष्टही मोजता येते हे हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले. अर्थ असलेले शब्द कोणाला जास्त ओळखीचे असतात, कोणाला कमी. म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरगट तयार केले आणि त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला, हे त्यांनी स्मृतीचे माप मानले. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर सुमारे ४४ टक्के, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर सुमारे २१ टक्के बचत त्यांना आढळली. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हा नियम त्यातून स्पष्ट झाला. यादी आठवते का, असा होय-नाहीचा प्रश्न विचारला असता तर हा आलेख मिळालाच नसता. बचतीची कल्पना सुचली, म्हणून अर्धवट उरलेली स्मृतीही मोजता आली.

कार्यात्मक व्याख्या

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी १९२७ मध्ये असे प्रतिपादन केले, की एखाद्या संकल्पनेचा अर्थ ती मोजण्यासाठी केलेल्या कृतींतून ठरतो. लांबी म्हणजे काय, याचे उत्तर लांबी कशी मोजतात यात आहे. १९३० च्या दशकात हार्वर्डमधील स्टॅनली स्मिथ स्टीव्हन्स आणि इतरांनी हा विचार मानसशास्त्रात रुजवला. संकल्पना कोणत्या कृतींनी घडवायची किंवा मोजायची हे स्पष्ट सांगणाऱ्या व्याख्येला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. भूक ही आतली अवस्था आहे, तर उंदरांवरील प्रयोगात तिची कार्यात्मक व्याख्या ‘शेवटचे अन्न मिळून झालेले तास’ अशी करता येते. झोपेचा अभाव, एकाग्रता, भीती यांच्या व्याख्याही अशाच बांधता येतात.

अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड येथे केलेला प्रयोग हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण. मोठ्यांचे आक्रमक वागणे पाहून लहान मुले तसे वागायला शिकतात का, हा प्रश्न होता. साधारण तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलामुलींपैकी काहींनी एका मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला मारताना पाहिले, काहींनी शांतपणे खेळणारा माणूस पाहिला, तर काहींनी यांपैकी काहीच पाहिले नाही. नंतर प्रत्येक मुलाला खेळण्यांच्या खोलीत वीस मिनिटे ठेवून एकतर्फी काचेतून त्याचे निरीक्षण करण्यात आले. वीस मिनिटांचे पाच-पाच सेकंदांचे २४० भाग पाडले होते आणि प्रत्येक भागात काय घडले याची नोंद होत होती. बाहुल्याला हातोडीने मारणे, त्यावर बसून ठोसे देणे, लाथ मारणे, ऐकलेले आक्रमक शब्द उच्चारणे अशा कृतींच्या याद्या आधीच ठरल्या होत्या. दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेल्या नोंदी चांगल्याच जुळल्या. आक्रमक वर्तन पाहिलेल्या मुलांनी त्याचे लक्षणीय अनुकरण केले, हा निष्कर्ष या मोजणीवर उभा आहे.

त्यावरचा आक्षेपही तितकाच शिकण्यासारखा आहे. मारले की डोलून पुन्हा उभा राहणारा बाहुला मुळात मारण्यासाठीच असतो. त्याला मारणे ही आक्रमकता म्हणायची की खेळ? आक्रमकतेत दुसऱ्याला इजा करण्याचा हेतू असतो, आणि बाहुल्याला इजा होत नाही. याचा अर्थ प्रयोग व्यर्थ गेला असा नव्हे. व्याख्या उघडपणे मांडलेली होती म्हणूनच नेमका कोठे आक्षेप घ्यायचा हे टीकाकारांना कळले. कार्यात्मक व्याख्येचा हा सर्वांत मोठा गुण आहे: तिच्यामुळे मतभेद शब्दांवरून कृतींवर येतो आणि कृती तपासता येतात.

मात्र ही भूमिका टोकाला नेली की अडचण होते. एडविन बोरिंग यांनी १९२३ मध्ये लिहिले, की बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धीच्या चाचण्या जे मोजतात ते. हे अक्षरशः मानले तर जितक्या चाचण्या तितक्या बुद्धिमत्ता होतील आणि एखादी चाचणी चुकीची आहे असे म्हणण्याची सोयच उरणार नाही. संकल्पना तिच्या कोणत्याही एका मापापेक्षा मोठी असते, म्हणूनच मापे बदलता येतात, त्यांची तुलना करता येते आणि एखादे माप टाकूनही देता येते.

आकडा किती बोलतो

मापन म्हणजे नियमानुसार आकडे देणे. पण सगळे आकडे सारखे नसतात. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या चार पातळ्या सांगितल्या. खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक केवळ ओळख पटवतो, ही नामपातळी. शर्यतीतील पहिला, दुसरा, तिसरा यांतून क्रम कळतो, पण अंतर कळत नाही, ही क्रमपातळी. सेल्सियस तापमानात २० व ३० मधील अंतर ३० व ४० मधील अंतराइतकेच असते, पण शून्य हे सोयीने ठरवलेले असते, ही अंतरपातळी. प्रतिसादाला लागलेल्या वेळेत खरे शून्य असते, म्हणून ८०० मिलिसेकंद हे ४०० च्या दुप्पट म्हणता येतात, ही गुणोत्तरपातळी.

मानसशास्त्रातील बहुतेक मापे पहिल्या तीन पातळ्यांवर असतात. बुद्धिगुणांक १४० असलेली व्यक्ती ७० असलेल्या व्यक्तीच्या दुप्पट बुद्धिमान असते, या विधानाला अर्थ नाही, कारण बुद्धीच्या अभावाचे शून्य कोणी ठरवलेले नाही. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये अभिवृत्ती मोजण्यासाठी ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पर्यायांची रीत रूढ केली. या पर्यायांना १ ते ५ आकडे देऊन सरासरी काढली जाते. पण ‘सहमत’ आणि ‘पूर्णपणे सहमत’ यांतील अंतर उरलेल्या अंतरांइतकेच आहे का, हा वाद आजही चालू आहे. अनेक विधानांच्या गुणांची बेरीज केली तर व्यवहारात फारसा घोटाळा होत नाही, असे मानून बहुतेक संशोधक पुढे जातात. पण ते गृहीत आहे याचे भान ठेवावे लागते.

चाचणी कशी घडते: बिने ते कामत

फ्रान्समध्ये शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देण्यासाठी त्यांना ओळखण्याची रीत हवी होती. या गरजेतून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. तीत तीस कामे होती, सोप्यापासून अवघडापर्यंत लावलेली. जळती काडी फिरवली की नजरेने तिचा माग घेणे हे पहिले, तर अमूर्त शब्दांतील फरक सांगणे हे शेवटचे. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत कामे वयानुसार मांडली. सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जमते ते काम सात वर्षांच्या पातळीवर, या हिशेबाने मुलाचे मानसिक वय काढता येऊ लागले. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. स्टॅनफर्डमधील लुईस टर्मन यांनी १९१६ च्या आवृत्तीत त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्धिगुणांक प्रचारात आणला. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय बारा असेल तर त्याचा बुद्धिगुणांक १२०.

ही रीत प्रौढांना लागू होत नव्हती, कारण मानसिक वय प्रत्यक्ष वयाबरोबर आयुष्यभर वाढत राहत नाही. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये आधार बदलला. व्यक्तीची तुलना तिच्याच वयोगटाशी करायची, सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १५ धरायचे. आज बुद्धिगुणांक साधारणपणे याच अर्थाने वापरला जातो. सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात ते या रचनेमुळेच.

तुलना कोणाशी, हा प्रश्न भारतातही लवकरच उभा राहिला. पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलांवरून ठरवलेली मानके इथल्या मुलांना लावणे अन्यायाचे होते. तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या धारवाडमध्ये व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी बिने चाचणीची नवी आवृत्ती तयार केली. प्रश्न भाषांतरित करून काम संपत नव्हते. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलांना जमतो हे इथल्या मुलांवर प्रत्यक्ष पाहून प्रश्नांची जागा पुन्हा ठरवावी लागली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी म्हणून ही आवृत्ती पुढे देशभरातील रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत दीर्घकाळ वापरली गेली.

मानके कालबाह्यही होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले, की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतील सरासरी बुद्धिगुणांक सुमारे १४ गुणांनी वाढला होता. पुढे अनेक देशांत अशीच वाढ दिसली. शिक्षण, पोषण, लहान कुटुंबे, अमूर्त विचारांची वाढती सवय अशी कारणे त्यासाठी सुचवली गेली आहेत. जुनी मानके वापरली की आजच्या मुलाचे गुण फुगलेले दिसतात, म्हणून चाचणीचे प्रमाणीकरण ठरावीक काळाने पुन्हा करावे लागते.

विश्वसनीयता

चाचणी तयार झाली की पहिली परीक्षा विश्वसनीयतेची. तीच गोष्ट पुन्हा मोजली तर जवळपास तोच आकडा यायला हवा. स्पिअरमन यांनी याचा गणिती पाया घातला: प्रत्येक गुणात एक खरा भाग असतो आणि एक त्रुटीचा. मूल त्या दिवशी थकलेले असते, एखाद्या प्रश्नाचे उत्तर नशिबाने बरोबर येते, तपासणारा कडक असतो. त्रुटी जितकी जास्त तितके दोन गोष्टींमधील खरे नातेही फिके दिसते.

विश्वसनीयता अनेक अंगांनी तपासतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा देऊन दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध पाहतात. चाचणीचे दोन भाग करून त्यांचे गुण जुळतात का ते पाहतात. सगळे प्रश्न एकाच दिशेने बोलतात का, हे ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अल्फा गुणांकावरून कळते. निरीक्षकांमधील एकमत तपासताना केवळ योगायोगाने जुळलेल्या नोंदी वजा कराव्या लागतात. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा गुणांक दिला.

विश्वसनीयतेचा एक थेट परिणाम पालकांनी आणि शिक्षकांनी जाणून घ्यायला हवा. समजा एखाद्या बुद्धिमापन चाचणीची विश्वसनीयता ०.९१ आहे, म्हणजे बरीच चांगली. प्रमाण विचलन १५ असताना तिची प्रमाण त्रुटी ४.५ गुणांची निघते. अशा चाचणीत १०४ गुण मिळालेल्या मुलाचे खरे गुण ९५ ते ११३ च्या दरम्यान असावेत, असे साधारण ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. १०४ आणि १०७ गुणांच्या दोन मुलांत एकाला वरचढ ठरवण्याला शास्त्रीय आधार नाही.

यथार्थता

विश्वसनीयता आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. डोक्याचा घेर अत्यंत अचूक मोजता येतो आणि पुन्हा मोजला तरी तोच येतो. त्यावरून बुद्धिमत्ता ठरवली तर माप विश्वसनीय, पण निष्कर्ष निराधार. जे मोजायचे तेच मोजले जाते का, या गुणाला यथार्थता म्हणतात.

तिचेही प्रकार आहेत. गणिताच्या परीक्षेत अभ्यासक्रमाचे सर्व भाग आले पाहिजेत, ही आशयाची यथार्थता. प्रवेशपरीक्षेतील गुणांवरून पुढील अभ्यासातील यशाचा अंदाज बांधता आला पाहिजे, ही निकषाची यथार्थता. पण चिंता किंवा आत्मसन्मान यांना ना ठरलेला अभ्यासक्रम आहे, ना सर्वमान्य निकष. अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये दिले. संरचनेची यथार्थता एका आकड्याने सिद्ध होत नाही. ती संबंधांच्या जाळ्यातून उभी राहते. चिंतेची प्रश्नावली खरी असेल तर परीक्षेच्या आदल्या दिवशी गुण वाढले पाहिजेत, चिंतेवर उपचार घेतल्यावर कमी झाले पाहिजेत, झोपेच्या तक्रारींशी त्यांचे नाते दिसले पाहिजे. असे एकेक अनुमान तपासले जाते. अनुमाने खरी ठरली तर माप आणि सिद्धान्त दोघांवरचा विश्वास वाढतो. खोटी ठरली तर दोष मापात आहे की सिद्धान्तात, याचा शोध सुरू होतो.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्ये आणखी एक कसोटी जोडली. एकच गुण निरनिराळ्या रीतींनी मोजला तर निकाल जुळले पाहिजेत आणि निरनिराळे गुण एकाच रीतीने मोजले तरी निकाल वेगळे राहिले पाहिजेत. चिंता ही प्रश्नावलीने, शिक्षकांच्या निरीक्षणाने आणि हृदयगतीने मोजली तर तिन्हींत काही मेळ हवा. उलट प्रश्नावलीने मोजलेली चिंता आणि प्रश्नावलीनेच मोजलेला लाजाळूपणा इतके जुळले की वेगळे ओळखूच येईनात, तर प्रश्नावली भरण्याची सवयच मोजली जात असावी, अशी शंका घ्यावी लागते.

नैराश्य: एका संकल्पनेचा प्रवास

व्याख्या आणि मापन यांवर किती अवलंबून असते हे नैराश्याच्या आजारावरून चांगले समजते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क आणि लंडन येथील मनोरुग्णालयांची तुलना केली होती. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांकडून छिन्नमनस्कतेचे निदान खूपच जास्त होत होते, लंडनमध्ये नैराश्यासारख्या भावनिक आजारांचे. दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच पथकाने ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीने तपासणी केल्यावर हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. आजार तेच होते, व्याख्या वेगळ्या होत्या.

या अनुभवानंतर १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेने आपल्या निदान पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट निकष दिले. आजच्या आवृत्तीनुसार नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे असावी लागतात आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातही रस न वाटणे यांपैकी एक असलेच पाहिजे. यामुळे निदानात एकवाक्यता आली. पण याच निकषांतून लक्षणांच्या २२७ वेगवेगळ्या जोडण्या निघतात. एकच निदान झालेल्या दोन रुग्णांत फारच थोडी लक्षणे सामाईक असू शकतात. काटेकोर व्याख्या ही अपरिहार्यपणे एकजिनसी गोष्टीची व्याख्या असतेच असे नाही.

नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी एरन बेक यांनी १९६१ मध्ये २१ मुद्द्यांची सूची तयार केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आता जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी सुचवली जाते. अशा सात प्रचलित मापनश्रेणींची आयको फ्रीड यांनी २०१७ मध्ये तुलना केली, तेव्हा त्यांत मिळून ५२ निरनिराळी लक्षणे आढळली. सातही श्रेण्यांत असलेली लक्षणे त्यांपैकी केवळ १२ टक्के होती, तर ४० टक्के लक्षणे एकेका श्रेणीपुरतीच होती. दोन संशोधनांत नैराश्य हा एकच शब्द असला तरी मोजलेली गोष्ट पुष्कळ वेगळी असू शकते. थॉर्नडाइक यांनी सांगितलेला धोका शंभर वर्षांनंतरही कायम आहे.

भाषा आणि समाज बदलले की प्रश्न अधिक अवघड होतो. प्रश्नावलीचे भाषांतर केल्यावर दुसऱ्या व्यक्तीकडून ते मूळ भाषेत परत करून घ्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये पद्धतशीर मांडली. तेवढ्याने भागत नाही, तर लोक दुःख कसे सांगतात याचाही शोध घ्यावा लागतो. झिम्बाब्वेमध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी स्थानिक शोना भाषक रुग्णांच्या वर्णनांतून चौदा प्रश्नांची प्रश्नावली उभी केली. पुढे गोव्यातील प्राथमिक आरोग्य सेवेत येणाऱ्या रुग्णांमध्ये पटेल यांच्याच गटाने पाच प्रचलित प्रश्नावल्यांची तुलना रचनाबद्ध निदान मुलाखतीशी केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वच प्रश्नावल्या मध्यम ते चांगल्या प्रतीच्या ठरल्या. किती गुणांवर रेषा आखायची हे मात्र जिथे चाचणी वापरायची तिथेच तपासावे लागते, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट होते. रेषा चुकली तर गरजू रुग्ण सुटून जातात किंवा निरोगी माणसांना आजारी ठरवले जाते.

उत्तर देणारा माणूस

वजनकाट्यावर ठेवलेला दगड आपले वजन लपवत नाही. प्रश्नावली भरणारा माणूस मात्र आपण कसे दिसू याचा विचार करतो. डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ विधानांची एक श्रेणी केली. समाजाला पसंत पडेल असेच उत्तर देण्याची प्रवृत्ती तीतून ओळखता येते. प्रत्येक विधानाला होकार देत जाण्याची सवय ही दुसरी अडचण. मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या आत्मसन्मान श्रेणीत दहा विधाने आहेत. त्यांतील पाच स्वतःविषयी चांगले बोलणारी आणि पाच उलट दिशेची आहेत, ती या सवयीला तोड म्हणून. शिवाय एकाच साधनावर विसंबून न राहता वर्तन, इतरांचे निरीक्षण आणि शारीरिक मोजमापे यांची जोड दिली जाते.

आकड्याचा गैरवापर

मापनाच्या चुका कागदावरच राहत नाहीत. बिने यांनी आपली चाचणी मदतीसाठी तयार केली होती आणि मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते या मताला त्यांनी १९०९ मध्ये कडाडून विरोध केला होता. अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांच्यासारख्यांनी मात्र त्याच चाचणीच्या गुणांना जन्मजात आणि न बदलणारी वस्तू मानले. मतिमंद ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये वैध ठरवला. हजारो माणसांनी या विचारसरणीची किंमत मोजली. संरचना हे गृहीत आहे, हे विसरून तिला माणसाच्या आत दडलेली वस्तू मानले की शास्त्र अन्यायाचे हत्यार बनू शकते.

अलीकडच्या काळात मानसशास्त्राने स्वतःचीही झडती घेतली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात १०० जुने अभ्यास पुन्हा करण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच आढळले. याची कारणे अनेक होती: लहान नमुने, सोयीचे विश्लेषण निवडणे, नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध न होणे. त्यांबरोबरच मापनातील हलगर्जीपणाकडेही लक्ष गेले. अभ्यासागणिक नवी, न तपासलेली प्रश्नावली वापरणे, मधलेच काही प्रश्न गाळणे, व्याख्या न सांगणे अशा प्रथांवर जेसिका फ्लेक आणि फ्रीड यांनी २०२० मध्ये सविस्तर टीका केली. आता अनेक संशोधक कोणती संरचना, कोणत्या मापाने, का मोजणार हे अभ्यास सुरू होण्यापूर्वीच जाहीर नोंदवतात.

मानसशास्त्रीय संशोधनाची बातमी वाचताना सामान्य वाचकालाही यांतील काही प्रश्न विचारता येतात. संकल्पनेची व्याख्या काय केली होती? ती कोणत्या कृतीने किंवा प्रश्नांनी मोजली? ते माप पुन्हा घेतले तर तेच येते का? ते दुसऱ्या मापांशी जुळते का? आणि ते कोणत्या भाषेच्या, वयाच्या, समाजाच्या लोकांवर तपासलेले आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळत असतील तर आकड्यावर त्या मर्यादेत विश्वास ठेवावा. मिळत नसतील तर आकडा कितीही नेमका दिसला तरी निष्कर्ष राखून ठेवावा.

मनाचे मापन भौतिकशास्त्रातील मापनाइतके अचूक नाही, तरी ते केवळ मत नव्हे. व्याख्या उघडपणे मांडणे, माप तपासायला देणे, त्रुटी किती आहे हे सांगणे आणि पुरावा आल्यावर व्याख्या बदलणे या शिस्तीतून त्याची शास्त्रीयता येते. नव्या पिढीसाठी मानके पुन्हा काढावी लागतात आणि नव्या भाषेसाठी यथार्थता पुन्हा सिद्ध करावी लागते, कारण ज्याचे मोजमाप करायचे तो माणूस आणि त्याचा समाज सतत बदलत असतात.